हायड्रेट रोखायला आयॉनिक लिक्विड घ्यावं, की मेथॅनॉल-ग्लायकॉलच बरं?

गॅस पाइपलाइन तुंबवणाऱ्या हायड्रेटबद्दलचा हा प्रश्न मला आता बऱ्याच जणांनी विचारलाय. कोणीतरी एखादा रिसर्च पेपर वाचतो, त्यात लिहिलेलं असतं की आयॉनिक लिक्विड, म्हणजे नुसत्या आयनांचं बनलेलं आणि १०० अंशांच्या आतच वितळणारं मीठ, हायड्रेट दोन प्रकारे रोखतं, उडून जात नाही, पेट घेत नाही, मग साहजिकच वाटतं की आपण अजून मेथॅनॉलचे टँकर का रिकामे करतोय. प्रश्न अगदी रास्त आहे. पण उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, कारण आधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती बहुतेक जण ठरवतच नाहीत: तुम्हाला हायड्रेट अजिबात होऊ द्यायचं नाहीये, की उशिरा झालं तरी चालणार आहे? बाकीची सगळी तुलना या एका प्रश्नावर उभी आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हायड्रेट म्हणजे दिसायला बर्फच, पण आतून वेगळा. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजरा बनवतात आणि त्या पिंजऱ्यात मिथेन, इथेन, प्रोपेन असा एखादा वायूचा रेणू अडकून बसतो. पिंजऱ्याला आतून आधार मिळाल्यामुळे तो शून्याच्या बऱ्याच वरही टिकतो, फक्त प्रेशर लागतं. शुद्ध मिथेनचं हायड्रेट ४ अंशाला साधारण ४० बारच्या आसपास बनतं, आणि गॅसमध्ये थोडं जरी प्रोपेन असलं तर त्याहून बऱ्याच कमी प्रेशरला. पाइपलाइन बंद पडतात त्या साध्या बर्फाने नाही तर या हायड्रेटने, हे हॅमरश्मिट यांनी १९३४ साली दाखवलं आणि तेव्हापासून आपण सगळे या एका गोष्टीच्या मागे आहोत. एक घनमीटर हायड्रेटमध्ये साधारण १६० घनमीटरच्या वर गॅस कोंबलेला असतो, त्यामुळे लाइनमध्ये बूच बसलं आणि कोणी घाईघाईत एकाच बाजूचं प्रेशर सोडलं तर ते बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं, माणसं गेलीत त्यात. मे २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर हॉरायझनच्या तेलगळतीवर समुद्राच्या तळाशी मोठा डोम उतरवला होता, तोही हायड्रेटनेच तुंबला आणि तरंगायला लागला, शेवटी बाजूला ठेवावा लागला. त्यामुळे केमिकल कुठलं घ्यायचं हा निर्णय नुसत्या खरेदी खात्यावर सोडू नका असं मी कळकळीने सांगतो.

आता तो पहिला प्रश्न. इनहिबिटरचे, म्हणजे हायड्रेट रोखणाऱ्या केमिकलचे, ढोबळमानाने दोन स्वभाव असतात. एक जात हायड्रेट बनण्याचं तापमानच खाली ढकलते, म्हणजे तुमची लाइन ४ अंशावर असली आणि हायड्रेट बनायला आता २ अंश लागत असले तर ते बनणारच नाही, आज नाही, महिन्याने नाही, लाइन बंद पडून राहिली तरी नाही. मेथॅनॉल, ग्लायकॉल, मीठ हे सगळे यातले, यांना थर्मोडायनॅमिक म्हणतात. दुसरी जात तापमान हलवत नाही, फक्त वेळ मिळवून देते. स्फटिकाचं पहिलं बीज धरायला उशीर करते, धरलंच तर त्याच्या अंगाला चिकटून वाढ अडवते, पण परिस्थिती हायड्रेटच्या बाजूची आहे ती आहेच. हे कायनेटिक. आणि अजून एक तिसरी जात आहे जी हायड्रेट होऊ देते पण त्याचे कण एकमेकांना चिकटू देत नाही, पातळ खिरीसारखं सगळं वाहत राहतं, त्यांना अँटी-अॅग्लोमरंट म्हणतात.

आयॉनिक लिक्विडबद्दल जो उत्साह आहे तो इथे आहे. २००९ मध्ये वायोमिंग विद्यापीठातल्या शाओ आणि अदिधर्म यांनी मिथेन हायड्रेटवर इमिडाझोलियम जातीची (धन आयन म्हणून नायट्रोजनचं कडं असलेली) काही आयॉनिक लिक्विडं तपासली आणि दाखवलं की हे पदार्थ तापमानही थोडं खाली ढकलतात आणि बीज धरायलाही उशीर करतात, म्हणजे पहिल्या दोन्ही जातींचं काम एकाच रेणूत. त्यानंतर मलेशियातल्या पेट्रोनासच्या विद्यापीठात, कोरियात, इराणमध्ये, आयआयटी मद्रासमध्ये असं बऱ्याच ठिकाणी काम झालं. यामागची कल्पना सुंदर आहे यात मला शंका नाही. ऋण आयन पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे ओढतो, त्यामुळे पिंजरा बांधायला हात मोकळे राहत नाहीत, आणि धन आयन स्फटिकाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. शिवाय दोन्ही आयन हवे तसे बदलून लाखो जोड्या करता येतात, रसायनशास्त्रज्ञाला याहून मोठं खेळाचं मैदान नाही.

पण "तापमान थोडं खाली ढकलतात" यातलं थोडं म्हणजे किती, हे नीट बघा, कारण निर्णय त्यावरच आहे.

हॅमरश्मिट यांचं एक जुनं सोपं सूत्र आहे, आजही हाताने अंदाज काढायला वापरतात. पाण्यातल्या केमिकलचे वजनी टक्के घ्या, त्याला १२९७ ने गुणा, आणि केमिकलचं मॉलिक्युलर वेट गुणिले उरलेले टक्के याने भागा, येईल ते अंश सेल्सिअस. यातली मेख मॉलिक्युलर वेटमध्ये आहे, ते भागाकारात खाली आहे, म्हणजे रेणू जितका जड तितका परिणाम कमी. मेथॅनॉलचं ३२, मोनोइथिलीन ग्लायकॉलचं म्हणजे एमईजीचं ६२. २० टक्के मेथॅनॉल घातलं तर साधारण १० अंश मिळतात, २० टक्के एमईजीने ५ च्या थोडे वर. आता इथिल-मिथिल-इमिडाझोलियम क्लोराइड घ्या, हे त्यातल्या त्यात हलकं आयॉनिक लिक्विड, त्याचं वेट १४६ च्या वर जातं. ते पाण्यात दोन आयनांत फुटतं म्हणून उदारपणे निम्मं धरा, ७३. म्हणजे अगदी आदर्श परिस्थितीतसुद्धा ते एमईजीपेक्षा मागेच. आणि प्रत्यक्षात आयन पूर्ण मोकळे वागत नाहीत, त्यामुळे १० टक्के डोसला जी मोजमापं प्रसिद्ध झालीत त्यातली बहुतेक अर्धा ते दीड अंशाच्या आसपासच फिरतात. तुलनेला साधं मीठ बघा, १० टक्के मीठ असलेलं पाणी ४ ते ५ अंश देतं. म्हणजे विहिरीतून फुकट येणारं खारं पाणी महागड्या आयॉनिक लिक्विडपेक्षा जास्त संरक्षण देऊन जातं. हे ऐकून बरेच जण गप्प होतात, पण गणितच तसं आहे.

एक उदाहरण करून बघू, आकडे माझे आहेत, सोयीसाठी धरलेले. समजा लाइनमध्ये दिवसाला १० टन पाणी येतं, लाइनचं सर्वात थंड टोक ४ अंशावर आहे, त्या प्रेशरला हायड्रेट १५ अंशाला बनतं, आणि ३ अंशांची सेफ्टी मार्जिन ठेवायची आहे. म्हणजे एकूण १४ अंश ढकलायचे. मेथॅनॉल लागेल पाण्याच्या फेजमध्ये साधारण २६ टक्के, म्हणजे दिवसाला साडेतीन टन, आणि गॅसमध्ये उडून जाणारं आणि कन्डेन्सेटमध्ये, म्हणजे गॅसबरोबर येणाऱ्या हलक्या तेलात, विरघळणारं वेगळं. एमईजी लागेल ४० टक्के, म्हणजे दिवसाला ६.७ टन, पण ते परत मिळतं. ते वरचं आयॉनिक लिक्विड, उदार हिशोबानेसुद्धा, ४४ टक्के, जवळपास आठ टन, आणि ते प्रयोगशाळेतल्या बाटलीच्या भावाने येणारं केमिकल. पाणी खारं असेल तर मिठाचे जेवढे अंश फुकट मिळतात तेवढे या १४ मधून वजा करा, पण पाणी कधी कन्डेन्स्ड म्हणजे गोडं येतं आणि कधी फॉर्मेशनचं म्हणजे खडकाच्या थरातलं खारं येतं हे माहीत असल्याशिवाय करू नका.

तर मेथॅनॉल-ग्लायकॉल काढून त्या जागी आयॉनिक लिक्विड, हा विचार माझ्या मते आज तरी सोडून द्यावा. पण म्हणून आयॉनिक लिक्विड निकामी असं नाही, त्याची जागा दुसरीकडे आहे, त्याकडे येतोच. आधी जुन्या दोघांचंही खरं रूप बघायला हवं, कारण ते बिनदोष असते तर हा प्रश्नच निघाला नसता.

मेथॅनॉल आणि एमईजी शेजारी-शेजारी ठेवले तर

मेथॅनॉल पातळ, स्वस्त, थंडीतही पंपाला त्रास न देणारं, आणि बसलेलं बूच विरघळवायलाही तेच हाताशी येतं. विहीर सुरू करताना, बंद करताना, अधूनमधून लागणारं संरक्षण असेल तर त्याला तोड नाही. पण ते ६५ अंशाच्या आतच उकळतं, त्यामुळे बराच भाग गॅसबरोबर निघून जातो आणि डोस काढताना हा तोटा धरला नाही तर पाण्यात हवी तेवढी टक्केवारी राहतच नाही. फ्लॅश पॉइंट ११-१२ अंश, ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, आणि विषारी तर आहेच. शिवाय पुढे रिफायनरी किंवा गॅस प्लांटवाले तुमच्या लिक्विडमध्ये मेथॅनॉल सापडलं की भाव पाडतात, कारण त्यांच्या वॉटर ट्रीटमेंटला आणि गॅस वाळवणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हला ते सोसत नाही. एकदाच वापरून घालवायचं केमिकल म्हणूनच ते धरायचं.

एमईजी जड, चिकट, १९७ अंशाला उकळणारं, म्हणून गॅसमध्ये जवळजवळ जात नाही आणि पाण्याबरोबर प्लांटला परत येतं. तिथे पाणी उकळून काढलं की पुन्हा वापर. लांबच्या समुद्राखालच्या गॅस लाइन यावरच चालतात, नॉर्वेतलं स्नोव्हिट क्षेत्र १४३ किलोमीटर लांबून किनाऱ्याला जोडलंय, ओर्मेन लांगे १२० किलोमीटर, आणि ओर्मेन लांगेच्या तळाशी तर समुद्राचं पाणी शून्याच्याही खाली असतं. २००७ पासून हे एमईजीवर चालू आहेत. एवढा लांबचा अनुभव बाकी कोणत्याही केमिकलकडे क्वचितच असेल. पण एमईजीचा खर्च ड्रममध्ये नसतो, प्लांटमध्ये असतो. रिजनरेशन युनिट, परत पाठवायची वेगळी लाइन, साठ्याच्या टाक्या, आणि एकदा का फॉर्मेशनचं खारं पाणी यायला लागलं की ते मीठ पाणी उकळणाऱ्या रीबॉयलरच्या नळ्यांवर बसतं, मग मीठ वेगळं काढणारा रिक्लेमर लागतो. रीबॉयलर फार तापवला तर एमईजी स्वतःच कुजायला लागतं आणि आम्ल तयार होतं. ज्यांनी पहिल्या वर्षी गोडं पाणी बघून छोटं युनिट घेतलं आणि चौथ्या वर्षी खाऱ्या पाण्याने हैराण झाले असे प्रकार होतात, म्हणून विहिरीच्या शेवटच्या वर्षांचं पाणी कसं असेल हे आज विचारा.

अजून एक, डोस कमी पडला तर काय. यात लोक गाफील असतात. संरक्षण अर्धवट असलं तर अर्धवट का होईना फायदा होईल असं वाटतं, पण कमी डोसची लाइन कधीकधी बिनडोसच्या लाइनपेक्षा वाईट तुंबते, भिंतीला घट्ट धरून बसणारे थर होतात. थर्मोडायनॅमिक केमिकल घ्यायचं तर पूर्ण घ्या.

कायनेटिक आणि अँटी-अॅग्लोमरंट

कमी डोसवाले म्हणतात ते हेच. कायनेटिकमध्ये पीव्हीपी, पीव्हीकॅप असे पॉलिमर, डोस पाण्याच्या साधारण अर्धा ते दोन टक्के. वरच्या उदाहरणात ६.७ टनांऐवजी १०० किलो असं चित्र दिसतं आणि डोळे दिपतात. पण हे वेळ विकत देतात, तापमान नाही. तुमची लाइन हायड्रेटच्या तापमानाच्या जितकी खाली, त्याला सबकूलिंग म्हणतात, तितका मिळणारा वेळ आखडत जातो, आणि १० ते १२ अंशांच्या पुढे चांगले पॉलिमरही हात टेकतात. गॅस लाइनमध्ये किती वेळ राहतो आणि शटडाउन झाला तर किती तास थंड पडून राहणार, हे दोन आकडे त्या वेळेपेक्षा कमी असायला हवेत. वरच्या उदाहरणात सबकूलिंग ११ अंश आहे, म्हणजे अगदी काठावर, मी तरी तिथे एकट्या कायनेटिकवर झोपणार नाही. पीव्हीकॅपचे दोष माहीत आहेत, गरम आणि खाऱ्या पाण्यात ते पाण्यातून बाहेर पडून चिकट गोळा होतं, त्यामुळे गरम वेलहेडला म्हणजे विहिरीच्या तोंडाशी टाकायचं असेल तर इंजेक्शन पॉइंटच तुंबतो, आणि समुद्रात ते सहजी कुजत नाही, म्हणून नियम कडक असलेल्या ठिकाणी परवानगीला अडचण येते.

अँटी-अॅग्लोमरंट सबकूलिंगला घाबरत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांना सोबत तेल किंवा कन्डेन्सेट लागतंच, पाण्याचं प्रमाण फार वाढलं की खीर घट्ट होते. नुसत्या गॅस लाइनला ते उपयोगी नाहीत. पाणी-तेल वेगळं करताना इमल्शनचा त्रास आणि जलचरांना विषारीपणा हे दोन्ही धरून चला.

आणि इथे एक गोष्ट सांगतो जी मला फार महत्त्वाची वाटते. चांगले अँटी-अॅग्लोमरंट बहुतेक क्वाटर्नरी अमोनियम जातीचे असतात, मध्यभागी धन नायट्रोजन, त्याला ब्युटिल-पेंटिल अशा शेपट्या. म्हणजे आयॉनिक लिक्विडच्या घरातलेच भाऊबंद. तेव्हा "आयॉनिक लिक्विड कधी लाइनमध्ये चाललंय का" या प्रश्नाला पूर्ण नाही असं उत्तर देता येत नाही. हे भाऊबंद चालतात, पण कण चिकटू न देण्याचं काम करतात, तापमान ढकलण्याचं नाही.

मग आयॉनिक लिक्विडची खरी जागा

कमी डोसला, म्हणजे एखादा टक्का, उशीर करणारं म्हणून बघितलं तर ते पॉलिमरशी स्पर्धेत येतं. इथेही एकट्याने ते मागेच पडतं. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर विद्यापीठात देल व्हिल्लानो आणि केलंड यांनी २०१० मध्ये दोन इमिडाझोलियम आयॉनिक लिक्विडं स्ट्रक्चर टू हायड्रेटवर (प्रोपेन-ब्युटेन असलेल्या गॅसमध्ये बनणारा पिंजऱ्याचा प्रकार) तपासली, एकटी असताना ती कमजोर, पण बाजारातल्या पॉलिमरच्या जोडीला घातली की पॉलिमरचं काम सुधारतं. मला वाटतं निर्णय घेणाऱ्याने आयॉनिक लिक्विडकडे याच नजरेने बघावं, पॉलिमरचा जोडीदार म्हणून. पॉलिमर स्फटिकाच्या अंगावर लांब साखळीने बसतो, लहान आयन मधल्या फटी भरतो, असं ते समजून घ्यायला हरकत नाही. सबकूलिंग तुमच्या पॉलिमरच्या काठावर असेल आणि अजून दोन-तीन अंशांची किंवा काही तासांची गरज असेल तर अशी जोडी तपासून बघण्यासारखी आहे. पूर्ण एमईजी प्लांट टाकण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.

दुसरी आकर्षक बाजू गंजाची. पॉलिमर आणि गंजरोधक केमिकल एकमेकांचं काम बिघडवतात ही फील्डमधली रोजची डोकेदुखी आहे, दोन्ही पृष्ठभागावर बसणारे पदार्थ, एक दुसऱ्याला उठवतो. इमिडाझोलियम जातीचे पदार्थ लोखंडाच्या पृष्ठभागावर बसून गंज रोखतात हे माहीत आहे, म्हणजे एकाच केमिकलने दोन कामं होतील ही आशा खोटी नाही. पण यात एक ओढाताण आहे. गंज रोखायला लांब शेपटीचा रेणू चांगला, हायड्रेट रोखायला आखूड शेपटीचा. शेपटी लांबली की तो साबणासारखा वागायला लागतो, फेस येतो, आणि साबणासारखे पदार्थ कधीकधी हायड्रेटची वाढ उलट जोरात करतात. मेथिल-इथिलपर्यंत आखूड ठेवा, शक्य तर टोकाला हायड्रॉक्सिल लावा, हायड्रेटसाठी ते बरं. तेव्हा वेंडर एकच रेणू दोन्ही कामांना उत्तम म्हणून देत असेल तर शेपटी किती कार्बनची आहे हे आधी विचारा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

तिसरी जागा ड्रिलिंगची. खोल समुद्रात ड्रिलिंग मड फिरत राहतं, वर येतं आणि परत खाली जातं, म्हणजे महाग केमिकल एकदाच वापरून वाया जात नाही. शिवाय काही आयॉनिक लिक्विडं मातीच्या थरांना फुगू देत नाहीत, तो फायदा वरून. पाइपलाइनपेक्षा इथे यांचं गणित आधी जमेल असं मला मनापासून वाटतं.

आता ज्या गोष्टी पत्रकावर नसतात त्या. आयॉनिक लिक्विड उडत नाही म्हणून ते हिरवं, हे वाक्य वाचलं की मला काळजी वाटते. न उडणं म्हणजे हवेत न जाणं, एवढंच. पाण्यात ते पूर्ण विरघळतं आणि तिथेच राहतं, आणि बऱ्याच इमिडाझोलियमची जलचरांना इजा होते, शेपटी लांब तर इजा जास्त. शोधनिबंधांत टेट्राफ्लोरोबोरेट ऋण आयन फार दिसतो, पण तो पाण्यात, विशेषतः गरम पाण्यात, हळूहळू फुटून हायड्रोफ्लोरिक आम्ल देतो, हेक्साफ्लोरोफॉस्फेटचंही तेच. असलं काही स्टीलच्या लाइनमध्ये आणि माणसांच्या हाताशी नको. क्लोराइड-ब्रोमाइड घेतले तर ते आम्ल प्रकरण टळतं पण स्टेनलेस स्टीलच्या वस्तूंवर क्लोराइड काय करतो ते मेटलर्जीवाल्यांना विचारून घ्या. टेट्रामिथिल अमोनियम हायड्रॉक्साइडचे हायड्रेटवरचे निकाल चांगले दिसतात, पण तो पदार्थ कातडीवर पडला तर जिवावर बेततो, ऑपरेटरच्या हातात देताना दहा वेळा विचार करा. कोलीन जातीचे पदार्थ या बाबतीत सौम्य आणि कुजणारे आहेत, परिणाम मध्यम असला तरी तपासायला मी त्यांच्यापासूनच सुरुवात करेन.

टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइडबद्दल वेगळं सांगायलाच हवं. हा पदार्थ कमी डोसला इनहिबिटरसारखा वागल्याचे निकाल आहेत, पण डोस वाढवला की तो पाण्याबरोबर स्वतःच पिंजरा बांधतो, त्याला सेमीक्लॅथरेट म्हणतात, आणि तो साध्या हवेच्या दाबालाही १२ अंशाच्या आसपास घट्ट होतो. म्हणजे रोखायला आणलेलाच दार लावून बसतो. जास्त डोस म्हणजे जास्त संरक्षण हे मेथॅनॉलचं गणित इथे चालत नाही.

परत मिळवण्याचाही प्रश्न आहे. एमईजीला पाणी उकळून काढता येतं कारण ते पाण्यापेक्षा कितीतरी उशिरा उकळतं. आयॉनिक लिक्विड तर उकळतच नाही, म्हणून पाणी उडवलं की ते मागे राहील, बरोबर, पण त्याच्याबरोबर विहिरीतलं सगळं मीठही मागे राहील. एमईजीच्या रिक्लेमरमध्ये एमईजी उडवून मीठ तळाशी ठेवता येतं, इथे दोघंही न उडणारे, त्यांना वेगळं करणं फार कठीण. "पुन्हा वापरता येतं" हे वाक्य खाऱ्या पाण्याला लावू नका.

तपासून घ्यायचंच असेल तर

मी एकदा एका पुरवठादाराचा नमुना बघितला होता, त्यांच्या प्रयोगशाळेतले आकडे झकास होते. आम्ही आमच्या लाइनचं पाणी त्यात घातलं आणि काही मिनिटांत पांढरा साका खाली बसला, चाचणी हायड्रेटपर्यंत पोचलीच नाही. त्यांनी सगळं शुद्ध पाण्यात आणि शुद्ध मिथेनवर केलं होतं. त्या दिवसापासून माझा हट्ट आहे की चाचणी आपल्या पाण्यात, आपल्या गंजरोधकासकट आणि आपल्या गॅसच्या कम्पोझिशनवर व्हायला हवी. शुद्ध मिथेन स्ट्रक्चर वन बनवतं, आणि नैसर्गिक गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेन असल्यामुळे बहुतेक लाइनमध्ये स्ट्रक्चर टू बनतं, एकावरचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. प्रसिद्ध निकालांपैकी खूप सारे शुद्ध मिथेन किंवा कार्बन डायऑक्साइडवरचे आहेत, हे वाचताना लक्षात ठेवा.

बीज धरायला लागणारा वेळ हा लॉटरीसारखा असतो, तीच परिस्थिती, तेच पाणी, तरी एकदा दोन तास आणि एकदा नऊ तास येऊ शकतात. एक-दोन चाचण्यांची सरासरी देऊन कोणी इतके तास संरक्षण म्हणत असेल तर मान्य करू नका, रॉकिंग सेलमध्ये, म्हणजे झुलत राहणाऱ्या प्रेशरच्या नळकांड्यात, निदान आठ-दहा वेळा केलेलं दाखवा म्हणा, आणि त्यातला सर्वात वाईट आकडा धरा. हेरियट-वॉट विद्यापीठातल्या गटाने पुढे आणलेली स्फटिक-वाढीची पद्धत आहे, तिच्यात थोडं हायड्रेट आधीच असताना ते वाढतं की नाही हे बघतात, नशिबाचा भाग त्यात कमी, ती करून मिळाली तर उत्तम. आणि शेजारच्या सेलमध्ये नुसतं पाणी नाही तर तेवढ्याच डोसचा पीव्हीकॅप ठेवायला सांगा. नुसत्या पाण्यापेक्षा बरं असणं हा काही गुण नाही.

तर कोणी कुठे जावं. गॅस जर प्लांटमधून निघून लांब जायचा असेल आणि आधीच वाळवता येत असेल तर हे सगळं सोडा, ट्रायइथिलीन ग्लायकॉलने पाणी काढून टाका, पाणीच नाही तर पिंजरा कशाचा. समुद्राखालची लांब गॅस लाइन, सबकूलिंग मोठं, बंद पडली तर दिवसेंदिवस पडून राहणारी, तिथे एमईजी, दुसरा विचार नको. अधूनमधून, सुरू-बंद करताना, मेथॅनॉल. तेलाबरोबर पाणी आणि पाण्याचं प्रमाण निम्म्याच्या आत, तिथे अँटी-अॅग्लोमरंट. सबकूलिंग ७-८ अंशांच्या आत, लाइनमध्ये गॅस थोडाच वेळ, तिथे कायनेटिक पॉलिमर. आणि या शेवटच्या प्रकारात, पॉलिमर जरासा कमी पडत असेल तर, आयॉनिक लिक्विड जोडीदार म्हणून मागवून बघा, दोन-तीन आखूड शेपटीचे, फ्लोरिन नसलेले, त्यातला एक कोलीनचा.

मागवताना पुरवठादाराला एक पत्र आधी मागा, पर्यावरण खात्याकडे द्यायला लागणारं जलचर विषारीपणाचं आणि कुजण्याचं सर्टिफिकेट. ते मिळायला चाचणीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ते नसेल तर रॉकिंग सेलमधले सगळे तास चांगले येऊनही ड्रम गोदामातच राहतात.